आडोशामागचा हात: रेकी आणि तिची परीक्षा

श्रोतेहो, नमस्कार.

डोळे मिटून पडलेल्या माणसाच्या अंगावर, किंवा अंगापासून चार बोटे अंतरावर, दुसऱ्याने आपले तळहात स्थिर धरायचे, काही वेळाने ते पुढच्या जागी न्यायचे आणि हे तासभर शांतपणे चालू ठेवायचे, हे रेकीचे बाह्य रूप तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये ही पद्धत सुरू केली, त्यांच्या परंपरेतील चुजिरो हायाशी यांच्याकडून ती हावायो टाकाटा या बाईंनी आत्मसात केली आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस हवाई बेटांवर नेली. तिथून ती जगभर पसरली आणि आज काही रुग्णालयांतही पूरक उपचार म्हणून दिली जाते.

रेकी घेऊन उठलेला माणूस ‘बरे वाटले’ असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो, हे मला प्रथम स्पष्टपणे नोंदवायचे आहे. पण रेकीच्या बाजूने केले जाणारे दावे दोन आहेत आणि ते नेहमी एकत्र बांधून आपल्या हाती दिले जातात. पहिला दावा असा की रेकीने बरे वाटते. दुसरा दावा असा की तळहातातून एक प्राणऊर्जा रुग्णाच्या शरीरात जाते आणि त्यामुळे बरे वाटते. पुन्हा सांगते, बरे वाटणे ही एक गोष्ट आणि ते ऊर्जेमुळे वाटणे ही दुसरी गोष्ट. पहिली खरी ठरली म्हणून दुसरी आपोआप खरी ठरत नाही, आणि संशोधकांचे सगळे काम या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवण्याचे आहे.

त्या कामाचा एक प्रसंग मला फार प्रिय आहे आणि तो मी सविस्तर सांगणार आहे. तो थेट रेकीचा नाही, रेकीच्या अगदी जवळच्या पद्धतीचा आहे. डोलोरेस क्रीगर आणि डोरा कुन्झ या दोघींनी १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘थेरप्युटिक टच’ नावाची पद्धत मांडली आणि ती तिथल्या परिचारिकांमध्ये रुजली. नावात स्पर्श असला तरी तीत हात बहुधा अंगाला लागत नाहीत. माणसाच्या शरीराभोवती ऊर्जेचे क्षेत्र असते, ते शिकलेल्या हाताला जाणवते आणि त्यातील बिघाड हातानेच दुरुस्त करता येतो, असे ही पद्धत मानते.

कोलोरॅडो राज्यात एमिली रोझा नावाची नऊ वर्षांची मुलगी चौथीत शिकत होती. तिची आई स्वतः परिचारिका होती आणि या पद्धतीबद्दल शंका घेणाऱ्यांपैकी होती. त्यासंबंधीची एक चित्रफीत पाहताना मुलीच्या मनात प्रश्न आला की या लोकांना दुसऱ्याचे ऊर्जाक्षेत्र हाताने कळत असेल, तर डोळ्यांनी न पाहताही ते कळायला हवे. रोगी बरा होतो की नाही, हा प्रश्न तिने घेतलाच नाही, कारण त्यात आहार, औषधे, काळ अशा शंभर गोष्टी मिसळलेल्या असतात. तिने त्याच्या आधीची पायरी तपासायला घेतली: मुळात काही जाणवते का? मोठमोठ्या प्रयोगांना न सुचलेली ही काटछाट चौथीतल्या मुलीला सुचली, याचे मला आजही नवल वाटते.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने मांडलेला प्रयोग असा. एका टेबलावर उभा आडोसा, त्याच्या तळाशी दोन भोके. उपचार करणारी व्यक्ती आडोशाच्या एका बाजूला बसून दोन्ही हात भोकांतून पलीकडे घालते, तळवे वर करून टेबलावर ठेवते. फटीतून काही दिसू नये म्हणून त्या व्यक्तीच्या दंडांवर टॉवेल पांघरलेला. पलीकडे एमिली. ती नाणे उडवते. डावा की उजवा, हे नाणे ठरवते, ती ठरवत नाही. मग समोरच्या दोन तळव्यांपैकी नेमलेल्या तळव्यावर, आठ-दहा सेंटिमीटर उंचीवर, ती आपला उजवा हात धरते आणि विचारते की माझा हात तुमच्या कोणत्या हातावर आहे? घाई नाही, दडपण नाही, मन एकाग्र करायला हवा तेवढा वेळ.

पहिल्या फेरीत पंधरा उपचारक बसले. कुणाचा अनुभव एका वर्षाचा, तर कुणाचा पंचवीस वर्षांहून अधिक. प्रत्येकाला दहा वेळा विचारले, म्हणजे एकूण १५० उत्तरे मिळाली आणि त्यांतील ७० बरोबर आली. काहीही न जाणवता केवळ अंदाजाने बोलणाऱ्या माणसाची यांतील ७५ उत्तरे बरोबर यायला हवीत, इतका हा साधा हिशेब आहे.

उपचारकांनी यावर कारणे दिली. आधी धरलेल्या हाताची जाणीव तळव्यात रेंगाळते, त्यामुळे गोंधळ झाला, असे कुणी म्हणाले. मुलीच्या ऊर्जेची ओळख आधी करून द्यायला हवी होती, अशीही सूचना आली. या सूचना एमिलीने झटकून टाकल्या नाहीत. दुसऱ्या फेरीच्या वेळी प्रत्येक उपचारकाला तिने आधी आपले दोन्ही हात जाणून घेऊ दिले आणि कोणता हात वापरायचा, हेही त्यांनाच निवडू दिले. या फेरीत तेरा जण होते, त्यांतील सात पहिल्या फेरीतलेच होते. १३० पैकी ५३ उत्तरे बरोबर आली.

दोन्ही फेऱ्या मिळून २१ उपचारक, २८० प्रयत्न, १२३ अचूक उत्तरे. म्हणजे शेकडा ४४. नाणेफेकीने अंदाज केला तर येतील त्या निम्म्या बरोबर उत्तरांहूनही खाली. आकडे पुन्हा ऐका: २८० मध्ये १२३.

१ एप्रिल १९९८ रोजी ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’ या वैद्यकीय जगातील अग्रगण्य नियतकालिकाने हा निबंध छापला, तेव्हा एमिली अकरा वर्षांची होती आणि लेखकांच्या यादीत आईच्या नावाबरोबर तिचेही नाव होते. शाळेतले विज्ञान प्रदर्शन म्हणजे तयार नमुन्यावर रंगवलेला तक्ता, ही समजूत ज्यांनी करून घेतली आहे, त्या शिक्षकांनी आणि पालकांनी हा निबंध एकदा मुलांसमोर वाचावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. ज्याचे उत्तर शिक्षकालाही माहीत नाही, असा प्रश्न मुलाला विचारू देणे म्हणजेच विज्ञान शिकवणे.

या प्रयोगाने काय सिद्ध झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. थेरप्युटिक टच घेणाऱ्यांना बरे वाटत नाही, असे यातून निघत नाही. रेकीचीही ही परीक्षा नव्हती. हातांना दुसऱ्याचे ऊर्जाक्षेत्र कळते हा जो दोन्ही पद्धतींच्या मुळाशी असलेला समज आहे, तो आडोसा उभा राहताच टिकला नाही, एवढेच यातून निघते, आणि ते थोडे नाही.

आता रेकीकडे. रेकीची परीक्षा घेताना संशोधक ‘लटकी रेकी’ वापरतात. म्हणजे रेकीचे शिक्षण न घेतलेली व्यक्ती तशाच हालचाली करते आणि खरे कोण, लटके कोण, हे रुग्णाला कळू देत नाहीत. अंगभर दुखणाऱ्या फायब्रोमायल्जिया या विकाराच्या १०० रुग्णांवर अशी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना रेकीच्या गुरूंनी, काहींना अभिनेत्यांनी, आठवड्यातून दोनदा याप्रमाणे आठ आठवडे उपचार दिले. रेकीमुळे वेदना कमी झाल्या नाहीत, आणि गुरू व अभिनेते यांत फरक आढळला नाही. नैराश्य व चिंता यांवरील रेकीचे पुरावे वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात तपासले गेले. निकषांत बसणारे अभ्यास तीनच मिळाले, त्यांतील माणसे सगळी मिळून १२४, आणि एवढ्यावरून गुण येतो किंवा येत नाही असे काहीच म्हणता येणार नाही, असा आढावाकर्त्यांचा निर्णय होता. एखाद्या लहानशा अभ्यासाच्या आधारे ‘विज्ञानाने सिद्ध केले’ असा मथळा देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो तो २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. केमोथेरपी घेणाऱ्या १८९ रुग्णांपैकी काहींना नेहमीची शुश्रूषा, काहींना रेकी आणि काहींना लटकी रेकी दिली. रेकी मिळालेल्यांना अधिक स्वस्थ वाटले. लटकी रेकी मिळालेल्यांनाही अधिक स्वस्थ वाटले. दोघांना समान मिळाले होते ते एवढेच की सलाईन चालू असताना एक परिचारिका केवळ त्यांच्यासाठी, त्यांच्याजवळ थांबली होती.

त्याच सुमारास, २००८ मध्ये, आतड्यांच्या विकाराच्या २६२ रुग्णांवर झालेली चाचणीही हेच दाखवते. एक गट केवळ प्रतीक्षायादीत होता, दुसऱ्याला सुई न टोचणारे लटके ॲक्युपंक्चर मिळाले, तिसऱ्याला तेच लटके ॲक्युपंक्चर, पण आस्थेने विचारपूस करणाऱ्या, वेळ देणाऱ्या उपचारकाकडून. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचे पहिल्या गटात शेकडा २८, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात ६२ जणांनी सांगितले. सुई दोन्हीकडे खोटीच होती. आस्था मात्र खरी होती.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की रुग्णालयांनी ही आस्था ऊर्जेच्या नावाखाली न देता शुश्रूषेच्या नावाने द्यावी, आणि त्यासाठी परिचारिकांची संख्या वाढवावी. प्रत्येक रुग्णाजवळ पंधरा मिनिटे निवांत बसता येईल इतका वेळ परिचारिकेला मिळणे, ही चैन नाही.

एक धोका सांगायलाच हवा. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याच्या, शरीरात अन्यत्र न पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ जणांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. हा अभ्यास केवळ रेकीचा नव्हता, पण रेकीने गाठ विरघळेल या भरवशावर शस्त्रक्रिया पुढे ढकलणारा माणूस याच वाटेवर उभा असतो. अंगावर ठेवलेल्या हाताने कुणाचे सहसा नुकसान होत नाही. नुकसान होते ते वाया गेलेल्या महिन्यांनी.

तेव्हा श्रोतेहो, रेकी घेऊन तुम्हाला शांत झोप लागत असेल, तर ती जरूर घ्या, मात्र डॉक्टरांना तसे सांगून घ्या. आणि रेकी देणाऱ्याने चालू गोळ्या थांबवायला सांगितल्या, तर गोळ्या थांबवू नका, त्याच्याकडे जाणे थांबवा. नमस्कार.