घोडे लिहिणारा लखारा

नमस्कार मंडळी! आज एका चित्राबद्दल बोलायचंय. आता रेडिओवर चित्र कसं दाखवणार असं तुम्ही म्हणाल, पण हे चित्र काढताना शेजारी रात्रभर ढोल आणि गाणी चालू असतात, त्यामुळे ते नुसतं कानांनी ऐकलं तरी निम्मं तरी पोचतंच.

गुजरातमधला छोटाउदेपूर जिल्हा, वडोदऱ्याहून शंभरेक किलोमीटर. इथं राठवा आदिवासी राहतात आणि सीमा ओलांडली की मध्य प्रदेशातलं अलिराजपूर, झाबुआ, तिथं भिल आणि भिलाला. राठव्यांच्या घरात शिरलं की आधी ओसरी लागते, आणि ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधे जी मोठी भिंत असते ना, तिच्यावर घोडेच घोडे. लाल, निळे, पिवळे, हिरवे, माना ताठ, अंगावर ठिपके आणि नक्षी, जणू वरात निघालीय. हा पिठोरा. पिठोरा म्हणजे देव, आणि ती भिंत म्हणजे त्याचं ठाणं.

हे चित्र काढणाऱ्याला लखारा म्हणतात, म्हणजे लिहिणारा. तिथं पिठोरा काढत नाहीत, लिहितात. मला हे फार आवडतं कारण आपल्या डहाणू-जव्हारकडचे वारलीसुद्धा लग्नाचा चौक लिहितात असंच म्हणतात आणि त्या चौकातही पालघाट देवीच्या सोबत घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव असतोच. दोन समाज, दोन भाषा, पण क्रियापद एकच आणि घोडाही आहेच.

बरं, हा लखारा काही दिवसभर चित्रंच काढणारा माणूस नव्हे. शेती करतो, गुरं राखतो, आणि कुणाच्या घरून बोलावणं आलं की रंग घेऊन निघतो. बोलावणं कधी येतं? घरात पोर सारखं आजारी पडतंय, गाय आटली, पीक हातचं गेलं, असं काही झालं की घरधनी बडव्याकडे जातो. (हा बडवा म्हणजे तिथला पुजारी, पंढरपूरच्या बडव्यांशी गल्लत नको.) बडवा सांगतो, पिठोऱ्याचा नवस बोल. आणि नवस फेडायचा म्हणजे खर्च आला, बोकड आला, गावजेवण आलं, त्यामुळे नवस बोलल्यावर पैसे साठवायलाच काही जणांची वर्षं जातात. पण बोललाय ना, मग फेडणारच!

भिंत तयार करायचं काम कुमारिकांचं. शेणामातीनं सारवायचं आणि वरून पांढऱ्या मातीचा हात द्यायचा. मग लखारा बसतो. रंगाची पूड हल्ली बाजारातून येते, ती दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. दूध आणि मोह, म्हणजे गोठा आणि रान, दोन्ही त्या रंगात आलं. ब्रश म्हणजे बांबूची काडी, टोक ठेचून नाहीतर चावून मऊ केलेलं, आणि त्या चोथ्यासारख्या टोकानं तो घोड्याच्या आयाळीचा एकेक केस ओढतो. मी बघत उभा राहिलो ना, तर एक लगाम पूर्ण व्हायला माझा चहा गार झाला. लखारा मान वर करत नाही, मधेच काडी बुडवतो, पुन्हा रेघ, कुठं घाई म्हणून नाही.

आणि चित्रात नुसते देव नाहीत हं. निळ्या घोड्यावर हुक्का ओढणारा बाबा गणेश आहे, हत्तीवर राजा भोज आहे, राणी काजल आहे, पण त्यांच्याच आजूबाजूला नांगर धरलेला शेतकरी, ताक घुसळणारी बाई, ताडावर चढलेला माणूस, विहीर, माकडं, सूर्य-चंद्र, खाली दाराशी वाघ. बारा डोक्यांचा एक जण आहे, आणि एक सुपडकन्नो आहे, ज्याचे कान सुपाएवढे. देवाच्या वरातीत ताक घुसळणाऱ्या बाईला जागा आहे, आणि ती कोपऱ्यात दडपलेली नाही, हे मला त्या भिंतीतलं सगळ्यात मोठं वाटतं.

मग येते परीक्षा. चित्र झालं की बडव्याच्या अंगात येतं आणि त्या अवस्थेत तो एकेक घोडा, एकेक देव ओळखत जातो, कुठं काही राहिलं असेल तर सांगतो आणि लखारा तिथल्या तिथं ते घालतो. म्हणजे चित्र छान झालं की नाही हा प्रश्नच नाही, पूर्ण झालं की नाही एवढंच. कुठलंच आर्ट स्कूल इतकं कडक नसेल.

आता ही कला कागदावर, कॅन्व्हासवरही आलीय. छोटाउदेपूरच्या परेशभाई राठवांना 2023 साली पद्मश्री मिळाली. त्याआधी 2021 मध्ये झाबुआच्या पिटोल गावच्या भूरीबाईंना. त्या भोपाळला भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजुरीला आल्या होत्या, तिथं चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागदावर चित्र काढायला लावलं. पिठोऱ्याचं लेखन पुरुषांकडेच, आणि तिथून एक बाई भिल चित्रं घेऊन जगापुढे आली, हे मला लहानसहान वाटत नाही.

पण शहरातल्या एका दुकानात मी याच घोड्यांचं छापील कापड पाहिलं, वर लिहिलेलं ‘ट्रायबल हॉर्स प्रिंट’, ना पिठोऱ्याचं नाव ना राठव्यांचं, आणि खरंच वाईट वाटलं. नाव लिहायला किती जागा लागते?

तिकडे कधी गेलात तर एवढं करा, आधी घरधन्याला विचारा, चपला बाहेर काढा, आणि मग भिंतीसमोर बसा. फोटोची परवानगी मिळाली तरी आधी थोडा वेळ नुसतं बघा, सुपडकन्नो कुठं आहे ते शोधा. मला तो घरातल्या आजीनं दाखवला.