एकाच चाकावर दोन हक्क : कॅराव्हॅन समतल करण्याची आणि जखडण्याची साधने

विषय आहे टूरिंग कॅराव्हॅनच्या चाकाचा. मोटारीमागे जोडून ओढत नेण्याच्या या फिरत्या घराला बहुतेक वेळा एकच आस आणि दोनच चाके असतात, आणि मुक्कामाच्या जागी मोटार सोडवली की घराचा जवळजवळ सगळा भार ही दोन चाके आणि पुढचे लहानसे जॉकी व्हील यांच्यावर येतो. त्यानंतर दोन कामे उरतात. घर समतल करायचे असते, आणि ते जागचे घसरणार नाही, तसेच कोणी ओढूनही नेणार नाही, अशी तजवीज करायची असते. या दोन कामांची साधने सहसा वेगवेगळ्या वेळी घेतली जातात. रॅम्प पहिल्या प्रवासाआधी, आणि कुलूप बहुधा विमा कंपनीने अट घातल्यावर. प्रत्यक्षात मात्र दोघांनाही जागा हवी असते ती याच चाकावर, आणि एकाची निवड दुसऱ्याला अडचणीत आणू शकते.

घर समतल का हवे, याचे उत्तर केवळ सुखाच्या झोपेत नाही. न्हाणीतले पाणी मोरीकडे न जाता कोपऱ्यात साचते, कपाटांची दारे आपोआप उघडतात, तव्यावरचे तेल एका कडेला जमते. पण हे सारे सोसता येते. फ्रिजचे तसे नाही. गॅसवरही चालणारा, कॅराव्हॅनमध्ये वर्षानुवर्षे रुळलेला शोषण पद्धतीचा फ्रिज १९२२ मध्ये स्टॉकहोममधील बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटेर्स या अभियांत्रिकीच्या दोन विद्यार्थ्यांनी तयार केला. त्यात पंप नाही, कॉम्प्रेसर नाही. उष्णतेने अमोनिया पाण्यातून बाहेर पडतो, थंड होऊन द्रवरूप होतो, उतरत्या नळ्यांतून वाहत जाऊन हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा वायुरूप होताना आतली उष्णता शोषून घेतो, आणि शेवटी पाण्यात मिसळून परत बॉयलरकडे येतो. हे सारे अभिसरण गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर चालते. घर कलले की द्रव नळीच्या वळणात अडून राहतो, खाली बॉयलर मात्र तापतच राहतो, आणि असे फार काळ चालले तर बिघाड कायमचा होऊ शकतो. बऱ्याच नव्या शोषण फ्रिजना सुमारे ३ अंशांपर्यंतचा कल चालतो. नेमकी मर्यादा माहितीपुस्तिकेत दिलेली असते. कॉम्प्रेसरचा फ्रिज असेल तर ही चिंता बरीच कमी होते.

अंश हे माप कागदावर कळते, पण रॅम्प विकत घेताना सेंटीमीटर लागतात. दोन चाकांमधले अंतर २ मीटर धरले, तर १ अंशाचा आडवा कल काढण्यासाठी खालच्या बाजूचे चाक सुमारे साडेतीन सेंटीमीटर उचलावे लागते. ३ अंशांसाठी साडेदहा सेंटीमीटर. पायऱ्यांचे जे रॅम्प सर्वत्र मिळतात, त्यांची सर्वांत वरची पायरी साधारण १० ते ११ सेंटीमीटरवर असते. म्हणजे ३ अंशांपेक्षा अधिक उतार असलेल्या जागी साधा रॅम्प अपुरा पडतो, आणि तिथे रॅम्पखाली फळ्या रचत बसण्यापेक्षा जागा बदलणे शहाणपणाचे.

मापण्यासाठी गवंड्याच्या हातात असते तशी छोटी पाणसळ पुरते. ती कुठे ठेवायची, हे मात्र एकदाच नीट ठरवून घ्यावे. आडव्या मापासाठी आसाच्या वर, दारातून सहज दिसेल अशी घराच्या आतल्या जमिनीवरची जागा उत्तम. टेबलावर किंवा स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलेली पाणसळ त्या टेबलाचा कल सांगते, घराचा नव्हे. फोनवर आकडे दाखवणारे ब्लूटूथ सेन्सर सोयीचे असतात, विशेषतः माणूस एकटाच असेल आणि गाडीही त्यालाच पुढे घ्यायची असेल तेव्हा. पण घर खात्रीने समतल असताना त्यांचे शून्य ठरवून घेतले नाही, तर प्रत्येक मुक्कामी ते तेवढीच चूक मोठ्या अचूकतेने दाखवत राहतात.

आता रॅम्प. तो खालच्या बाजूच्या चाकापुढे ठेवायचा, मोटार जोडलेली असतानाच कॅराव्हॅन त्यावर चढवायची, आणि बुडबुडा मध्यावर आला की थांबायचे. घेताना पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत. छापलेली भारक्षमता एका रॅम्पची की जोडीची, हे वाचावे. कॅराव्हॅनच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भार एका चाकावर असतो, हे लक्षात घेतले की जोडीचा आकडा एका रॅम्पला लावण्याची गल्लत होत नाही. रॅम्पची रुंदी टायरपेक्षा जास्त हवी, आणि पायरी इतकी लांब हवी की टायरचा जमिनीला टेकणारा सगळा भाग तिच्यावर मावेल. टायरची कड हवेत लोंबकळत राहिली तर रात्रंदिवस अर्ध्या रुंदीवर पूर्ण भार पडतो, आणि टायरच्या आतल्या दोऱ्यांना झालेली इजा बाहेरून दिसतही नाही. ओल्या गवतावर आणि सुट्या खडीवर प्लॅस्टिकचा हलका रॅम्प चाक चढण्याऐवजी पुढे सरकत जातो. खाली रबराची चटई टाकली की बहुतेक वेळा तो धरतो. मूव्हर, म्हणजे चाकांवर रोलर दाबून मोटारीशिवाय घर हलवणारे यंत्र, बसवलेला असेल, तर त्याचे रोलर रॅम्पच्या कडेला घासत नाहीत ना, हे सपाट जागी आधीच पाहून घ्यावे.

आता कुलूप. काही कॅराव्हॅनच्या चाकाच्या आऱ्यांमधून एक लोखंडी तुकडा दिसतो. तो कुलूप बसवण्याचा खाचा. आल्को कंपनीच्या चॅसीवर, म्हणजे घराखालच्या सांगाड्यावर, मिळणाऱ्या आणि तशाच धाटणीच्या इतर कुलपांमध्ये हा खाचा चाकामागे चॅसीला पक्का जोडलेला असतो, आणि कुलूप बाहेरून दोन आऱ्यांच्या मधल्या फटीतून आत जाऊन त्यात बसते. चाक फिरणे मग अशक्यच होते. आमच्या मते चोरीविरुद्धच्या यांत्रिक साधनांत हा सर्वांत भक्कम प्रकार आहे, आणि सर्वांत त्रासदायकही. कारण फट आणि खाचा नेमके समोरासमोर आले तरच कुलूप बसते. १४ इंची रिमवरच्या नेहमीच्या टायरचा घेर सुमारे २ मीटर असतो. चाकाला पाच आरे असतील, तर फट खाच्यासमोर येते ती दर ४० सेंटीमीटरला एकदा. रॅम्पवर मात्र चाक आपल्याला हवे तिथे थांबवता येत नाही. उंची जमेल त्या पायरीवरच ते उभे करावे लागते. उंची जमली तर फट चुकते, फट जुळवली तर बुडबुडा एका टोकाला जातो. वैतागून मग कुलूप पेटीतच पडून राहते, आणि मुक्कामी घर केवळ हँडब्रेकवर उभे राहते.

या पेचातून सुटण्याचे दोन चांगले मार्ग आहेत. पहिल्यात सपाट जमिनीवर आधी फट जुळवायची, कुलूप बसवायचे, आणि मग चाकाखालची हवेची पिशवी फुगवून चाकासकट घर उचलायचे. चाक फिरत नसल्याने जुळणी मोडत नाही. टायरला दोन बाजूंनी कवेत घेणारी, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची ही जाड पिशवी १२ व्होल्टच्या पंपाने किंवा पायपंपाने भरता येते, आणि रॅम्पच्या ठरीव पायऱ्यांऐवजी हवी ती उंची मिळते. खाली टोकदार खडा राहू नये म्हणून जाड चटई अंथरावी. काही पिशव्या मुक्कामभर फुगलेल्या ठेवण्यासाठी असतात, तर काही फक्त उचलण्यापुरत्या, त्यानंतर चाकाखाली आधार सरकवून हवा सोडण्यासाठी. हा फरक घेण्यापूर्वीच विचारावा. पहिल्या प्रकारातही पहाटे घर किंचित कललेले आढळले तर पिशवी फुटली असे समजू नये. दुपारी ३० अंश सेल्सिअस तापमानाची हवा पहाटे १० अंशांवर आली, तर तेवढ्याच दाबाला तिचे आकारमान सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटते.

दुसरा मार्ग जॅकचा. चॅसीवरच्या ठरलेल्या जागी जॅक लावून चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचलायचे, ते हाताने फिरवून फट खाच्यासमोर आणायची, कुलूप बसवायचे आणि चाकाखाली हव्या त्या उंचीचा ठोकळा देऊन जॅक उतरवायचा. इथे एक धोका आहे. चाक फिरवायला हँडब्रेक सोडावा लागतो, आणि तो सोडला की दुसरे चाकही मोकळे होते. म्हणून मोटार जोडलेली असताना, तिचा ब्रेक लावून आणि दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून पाचर मारूनच हे करावे. पिशवी असो वा जॅक, केवळ त्यांच्यावर तोललेल्या घराखाली कोणीही शिरू नये.

दोन आसांच्या कॅराव्हॅनला एका बाजूची दोन्ही चाके एकदम उचलावी लागतात. तिच्यासाठी दोन चाकांमधल्या अरुंद जागेत मावणारे आखूड रॅम्प किंवा जोडपिशव्या घ्याव्यात. एकच चाक उचलले तर सारा भार एका टायरवर येतो.

हँडब्रेकबद्दल एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. मोटार मागे घेताना कॅराव्हॅनचे ब्रेक लागू नयेत, अशी सोय तिच्या चाकांच्या ड्रममध्येच असते. त्यामुळे हँडब्रेक ओढल्यानंतरही उतारावर घर मागे सरकू लागले, तर पकड पुन्हा पुरती बसेपर्यंत ते वीतभर जाऊ शकते. रॅम्पवरून चाक उतरायला वीतभर पुरते. म्हणून मोटार सोडवण्याआधी चाकाला पाचर हवीच, आणि रॅम्पबरोबर त्याच्या पायरीत अडकणारी पाचर मिळत असेल तर तीच घ्यावी. पाचर चाकाला घट्ट भिडलेली असावी. महिनोन्महिने घर उभे करून ठेवायचे असेल, तर उलट हँडब्रेक सोडून केवळ पाचरींवर ठेवावे, नाहीतर ब्रेकचे बूट ड्रमला चिकटून बसतात.

आडवा कल निघाल्यावरच मोटार सोडवायची आणि पुढचा-मागचा कल जॉकी व्हीलने काढायचा. आसापासून तिथपर्यंत सुमारे ४ मीटर अंतर धरले, तर १ अंशाला ७ सेंटीमीटर लागतात. जॉकी व्हीलची नळी शेवटच्या आट्यांपर्यंत बाहेर काढली की डुगडुगते, म्हणून जास्त उंची लागत असेल तर चाकाखाली फळी द्यावी. मऊ मातीत तर ती एरवीही हवी.

चार कोपऱ्यांचे टेकू शेवटी उतरवायचे. घर उचलणे हे त्यांचे काम नव्हे. आत चालताना होणारी डगमग थांबवणे एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित असते. ड्रिल मशिन लावून टेकू जोराने दाबत गेले की चॅसी पिळवटते, आणि त्याचा पहिला पुरावा दार चौकटीत अडकू लागले की मिळतो. टेकूंखालच्या रुंद तळव्यांवर केलेला खर्च सार्थकी लागतो. टेकूचा पाय ५ सेंटीमीटर चौरस असेल आणि तळवा २० सेंटीमीटर चौरस, तर जमिनीवरचा दाब एकदम सोळाव्या हिश्शावर येतो, आणि रात्री पाऊस पडला तरी कोपरा खचण्याची शक्यता पुष्कळ घटते.

ज्या चॅसीवर खाचा नाही, तिच्यासाठी चाकाला बाहेरून आवळणारा क्लॅम्प घ्यावा लागतो. घेताना पहिला प्रश्न असा, की त्याने चाकाचे बोल्ट झाकले जातात का. ते उघडे राहिले तर क्लॅम्पसकट चाक काढून दुसरे बसवता येते, आणि मग क्लॅम्प कितीही जाड असला तरी व्यर्थ. टायर-रिमचे माप आणि आऱ्यांमधली फट या दोन गोष्टी मोजून नेल्याशिवाय क्लॅम्प विकत घेऊच नये. शिवाय क्लॅम्पचा हात टायरच्या खालून जात असेल, तर तो रॅम्पवर किंवा पिशवीवर बसणार नाही. कपलिंगवर, म्हणजे कॅराव्हॅन मोटारीला जिथे जोडली जाते त्या तोंडावर, बसणारे हिच लॉक स्वस्त आणि झटपट असते, पण एकटे पुरत नाही, कारण कपलिंगला हात न लावता साखळीने बांधूनही घर ओढता येते. ब्रिटनमध्ये १९९२ पासून काम करणारी सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपांवर प्रत्यक्ष हत्यारे चालवून त्यांना दर्जा देते. विम्याच्या कागदात असा एखादा दर्जा नमूद असेल, तर कुलूप त्या यादीत आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी पडताळावे.

बटण दाबताच चारही पाय उतरवून घर समतल करणारी हायड्रॉलिक यंत्रणाही मिळते. ती उत्तम चालते. पण तिचे वजन कॅराव्हॅनच्या सामानाच्या मर्यादेतून वजा होते, आणि ती मर्यादा अनेक घरांत दीडशे किलोच्या आसपासच असते.

निघताना क्रम उलटा होतो. आधी टेकू वर, मग जॉकी व्हीलने तोंड उचलून मोटार जोडायची, तिचा ब्रेक लावायचा. पिशवी असेल तर हवा सोडून चाक जमिनीवर आणायचे. त्यानंतर चाकाचे कुलूप काढायचे, आणि ते पेटीत गेल्याचे डोळ्यांनी पाहून मगच पाचर व हँडब्रेक सोडायचा.