काही काम होतं का? नाही, सहज!

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'भूकंपानंतरची शहररचना'. त्याकडे येतेच. पण आधी एका शब्दाबद्दल बोलायचंय, जो आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. कुणी दारात आलं की आपण विचारतो, "काही काम होतं का?" आणि येणारा म्हणतो, "नाही, सहज." त्या 'सहज'साठी मी आज इथे उभी आहे. भूकंपात घरं पडतात, माणसं जातात, हे तुम्हाला सांगायला नको. पण शहरातलं 'सहज'ही जातं, आणि ते परत आणायचं काम कुठल्याच खात्याकडे नसतं.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला मी आठ वर्षं होते. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांचं काम करायचे, त्यामुळे भूकंपानंतर मला घरी बसायला सवड मिळाली नाही. पहिला भूकंप ४ सप्टेंबर २०१०च्या पहाटे, ४ वाजून ३५ मिनिटांनी झाला, ७.१ तीव्रतेचा. थेट त्यात कुणी दगावलं नाही. सगळे म्हणाले, निभावलं! मग २२ फेब्रुवारी २०११. दुपारी १२ वाजून ५१ मिनिटं. तीव्रता ६.३च, पण केंद्र उथळ आणि शहराच्या अगदी जवळ. १८५ माणसं गेली, त्यातली ११५ एकाच इमारतीत. पुढची दोन-तीन वर्षं हजारो लहानमोठे धक्के बसत राहिले. चहाचा कप टेबलाच्या काठापासून आत सरकवून ठेवायची सवय माझ्या हाताला अजून आहे.

ओली, रेताड जमीन हादरली की तिच्यातलं पाणी वर येतं आणि घट्ट वाटणारी माती पातळ होते. आमच्या अंगणात पोटरीभर राखाडी गाळ साचला होता. विद्यापीठातली मुलं हजारोंच्या संख्येनं फावडी आणि ढकलगाड्या घेऊन रस्त्यावर उतरली आणि घराघरातून तो गाळ उपसत गेली. पण जमिनीखालची गटारं मोडली होती. नव्या जोडणीला महिने लागणार, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तोवर लोकांनी शौचासाठी परसात खड्डे खणले. हसा, हसा, तिथेही लोक हसायचे! कुणी त्यावर बसायच्या जागी भोक पाडलेली वेताची खुर्ची मांडली, कुणी बागेतली छत्री रोवली, आणि कुणाचा आडोसा जास्त देखणा याचे फोटो एकमेकांना दाखवायला लागले. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई राहायच्या. तिकडे सगळे नावानंच हाक मारतात, आम्हीही मारायचो, इथे मी त्यांना बाई म्हणते. त्यांनी आडोशाला दिवाणखान्यातला फुलाफुलांचा पडदा लावला आणि दाराशी जिरेनियमची कुंडी ठेवली. नळाला पाणी नव्हतं, पण कुंडीला रोज वाटीभर मिळायचं.

आता माझी एक तक्रार. नावं घेत नाही. घराच्या विम्यासाठी दोन वर्षांत तीन तपासनीस येऊन गेले. प्रत्येकानं भिंतीवरची तीच भेग नव्यानं मोजली. पहिल्याच्या मते ती ४ मिलिमीटर, दुसऱ्याच्या मते ६, आणि तिसऱ्यानं विचारलं, ही भूकंपाआधीची तर नाही ना? तिघांना चहा दिला, तिघांपुढे तीच कहाणी सांगितली. तिसऱ्या वेळी माझा आवाज फुटेना. भेगेचं मला फार नव्हतं. त्यांच्या छापील यादीत धुराडं होतं, कौलं होती, कुंपण होतं. मागच्या दारी हिवाळ्याचं ऊन यायचं ती पायरी नव्हती. त्या पायरीवर बसून मी आणि बाई मटार सोलायचो, सांगायचं असेल ते सांगायचो, नसेल तेव्हा नुसत्या बसायचो. ती पायरी तिरकी झाली होती, तिच्यावर बसता येत नव्हतं. मी तपासनीसाला दाखवली, तर तो म्हणाला, "यासाठी रकाना नाही." त्याची चूक नव्हती, खरंच नव्हता. पण माझ्या मते सगळ्या पुनर्रचनेचं दुखणं त्या नसलेल्या रकान्यात आहे.

शहराच्या मध्यभागाला कुंपण पडलं. ते आक्रसत गेलं, पण पूर्ण उठायला २०१३चा जून संपावा लागला. दोन वर्षं चार महिने! एवढ्या काळात माणूस गावात जायचं विसरतो. बँक उपनगरात गेली, दुकानं मॉलमध्ये गेली, मधोमध खडीची मैदानं उरली. जायचं कशाला?

अशा वेळी काहींनी त्या रिकाम्या जागांकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. 'गॅप फिलर' नावाचा गट पहिल्या भूकंपानंतरच उभा राहिला होता. २०११मध्ये त्यांनी बार्बाडोस आणि किलमोर या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक फ्रिज ठेवला. दुकानात थंड पेयांचा असतो ना, काचेच्या दाराचा, तसला. आत पुस्तकं. एक ठेवा, एक न्या. कुलूप नाही, नोंदवही नाही. दार ओढलं की रबराची पट्टी चुकचुकायची आणि जुन्या कागदाचा वास यायचा. आजूबाजूला खडी, वाऱ्यानं उडणारी धूळ, आणि मध्ये हा पांढरा फ्रिज.

एका शनिवारी बाई टोपी घालून निघालेल्या दिसल्या. भूकंपानंतर कामाशिवाय त्या फाटकाबाहेर पडल्याचं मी पाहिलं नव्हतं. म्हटलं, "कुठे निघालात?"

"फ्रिजकडे."

"काही हवंय का?"

"नाही गं, सहज."

'सहज'ला त्यांनी वापरला तो इंग्रजी शब्द वेगळा होता, पण अर्थ हाच. मीही चपला बदलून बरोबर निघाले. दोनेक किलोमीटर असेल. वाटेत त्यांनी पडलेलं प्रत्येक दुकान मला सांगितलं, इथे बूट घ्यायचो, इथे नवऱ्यानं घड्याळ घेतलं होतं. फ्रिजपाशी एक बाप आणि मुलगी उभे होते. मुलीनं बाईंना विचारलं, हे चांगलं आहे का? बाईंनी पुस्तक चाळलं, म्हणाल्या, शेवट सांगू का? त्या सकाळी मला शहर परत दिसलं.

पुढच्या वर्षी नाचायची जागा आली. धोबीखान्यातलं जुनं कपडे धुण्याचं यंत्र, त्यात २ डॉलरचं नाणं टाकायचं, फोन जोडायचा. कर्णे चालू, दिवे चालू, आणि उघड्यावरच्या लाकडी फरशीवर अर्धा तास नाचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्सही तिथे नाचून गेले, पण मला आठवतात त्या ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत सँडविच बाजूला ठेवून नाचणाऱ्या दोन बायका.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं. मग शहररचनेचं भराभर सांगते.

मे २०११मध्ये तिथल्या नगर परिषदेनं लोकांना विचारलं, कसं शहर हवंय? सहा आठवड्यांत १ लाख ६ हजार सूचना आल्या. हिरवळ, चालायला रस्ते, बुटक्या इमारती, नदीकाठ, असं रोजच्या जगण्यातलं पुष्कळ होतं त्यात. पुढे केंद्र सरकारनं सूत्रं घेतली आणि २०१२च्या आराखड्यात मोठे प्रकल्प पुढे आले. त्यातलं संमेलन केंद्र २०२१च्या डिसेंबरात उघडलं. भूकंपात दहा वर्षांची असलेली पोर तोवर वीस वर्षांची झाली! उलट कॅशेल स्ट्रीटवर मालवाहू कंटेनरांचा रंगीत बाजार आठ महिन्यांत, ऑक्टोबर २०११ला उभा राहिला. तीन हजारांवर लाकडी पॅलेटचा, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटींचा मंडप २०१२ला आला आणि दीड वर्ष गाणी ऐकवून गेला. जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांचं पुठ्ठ्याच्या नळ्यांचं सातशे माणसांचं कॅथेड्रल २०१३ला उघडलं. मोठे प्रकल्प नकोत असं मी म्हणत नाही. मी नळ घालणारी बाई आहे, मला पाया कळतो. पण नळ पहिल्या महिन्यात आणि बाक दहाव्या वर्षी, हा क्रम चुकीचा आहे. दोन्ही पहिल्या महिन्यात हवेत. आपत्तीच्या अंदाजपत्रकात बाक, पुस्तकं, गाणं, खेळायची जागा यांचा वेगळा रकाना हवा, आणि तो खर्चायचा अधिकार त्या त्या गल्लीकडे हवा. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला ऊन कुठल्या पायरीवर येतं हे कळत नाही.

संपवते. आमची गल्ली रेड झोनमध्ये गेली. जमीन पुन्हा बांधण्याजोगी नाही म्हणून सरकारनं आठ हजारांच्या आसपास घरं विकत घेऊन पाडली, त्यात माझं आणि बाईंचंही. एव्हन नदीच्या काठानं आता तिथे गवत आहे, पण परसातली झाडं ठेवलीत. सफरचंद, अक्रोड, पेअर. कुणीही जावं, तोडावं. मी निघायच्या आधीच्या उन्हाळ्यात बाई मला त्यांच्या प्लमच्या झाडाकडे घेऊन गेल्या. घर कुठे होतं ते झाडावरूनच ओळखायचं. कुणी अनोळखी पोरं वर चढली होती. बाई खाली उभ्या राहून त्यांना सांगत होत्या, "ती नको, नदीकडची फांदी बघ, तिकडची गोड असतात."