रेडिओतली खरखर आणि घरातली यंत्रं

मंडळी, तक्रारी साधारण सारख्याच असतात. कूलर बंद केला की सेट टॉप बॉक्स अडकतो. मिक्सर लावला की रेडिओ खरखरतो. दिवेलागणीला बल्ब लावले की नागपूर केंद्र ऐकूच येत नाही. मग नवा रेडिओ येतो आणि खरखर तीच राहते, कारण ती तयार दुसरीकडेच होत असते. म्हणून खिशात हात घालण्याआधी उगम शोधायचा.

त्यासाठी सेलवर चालणारा साधा मीडियम वेव्हचा रेडिओ पुरतो. आकाशवाणीचं नागपूर ‘अ’ केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर लागतं. तिथून काटा थोडा सरकवून रिकामी जागा धरा आणि मेन स्विच पाडा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. हे हमखास राहून जातं, आणि मेन पाडूनही अर्धं घर चालूच असतं. खरखर थांबली तर उगम घरातला. मग एकेक एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला छोटा स्विच, चढवा, त्यावरचं एकेक यंत्र लावा. बाहेरचा संशय असेल तर अंगणात उभं राहून रेडिओ आडवा फिरवा. आत फेराइटची, म्हणजे काळ्या चुंबकी पदार्थाची, कांडी असते; तीच अँटेना. तिचं टोक उगमाकडे वळलं की आवाज सर्वांत कमी होतो. घरातल्या वायरिंगजवळ मात्र ही युक्ती फसते.

आवाजावरूनही बरंच कळतं. सलग घरघर आणि काटा सरकवला तरी ठिकठिकाणी तीच, तर बहुधा स्वस्त एलईडी बल्ब किंवा मोबाइलचा चार्जर. यांच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं आणि त्याचे पडसाद मीडियम वेव्हवर पसरतात. ते रोखणारा फिल्टर आत असायला हवा. पाच-दहा रुपये वाचवायला तोच गाळलेला असतो. असा बल्ब दुरुस्त करत बसू नका, बदला. पंखा मंद केल्यावर गुरगुर वाढत असेल तर रेग्युलेटर ट्रायकचा, म्हणजे गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक, आहे. पाच टप्प्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा, प्रश्न संपला.

मिक्सरचं काम थोडं सविस्तर. त्याच्या मोटरीत कार्बन ब्रश कॉम्युटेटरवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, घासतात आणि ठिणग्या पडतात. ब्रश पाच-सहा मिलिमीटरच उरले असतील तर दोन्ही एकदम बदला. कॉम्युटेटर काळा पडला असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलका पुसा, फटींतला कोळसा काढा. तरीही त्रास राहिला तर मिक्सरच्या आत, स्विचच्या पुढे, फेज आणि न्यूट्रलमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा कपॅसिटर लावा. त्याच्यावर ‘एक्स-२’ छापलेलं असलंच पाहिजे. साधा कपॅसिटर इथे लावला तर तो शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. अर्थिंगकडे जाणारे ‘वाय’ जातीचे छोटे कपॅसिटर अर्थिंग पक्कं असेल तरच लावायचे, नाहीतर धातूच्या भागाला हात लागला की मुंग्या येतात.

कूलरच्या मोटरीला ब्रश नसतात, त्यामुळे चालताना ती गप्प असते. बंद करताना तिच्या गुंडाळीतली ऊर्जा स्विचमध्ये ठिणगी पाडते आणि तो धक्का वायरीतून सेट टॉप बॉक्सपर्यंत पोहोचतो. ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ कपॅसिटर आणि १०० ओहम, एक वॅटचा रेझिस्टर एकापुढे एक जोडून मोटरीच्या दोन टोकांवर लावा. पंपाचा स्विच वेगळा असेल तर पंपालाही तसंच. टीव्ही आणि कूलर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ठेवू नका. निम्म्या घरांत एवढ्यानेच भागावं.

फेराइटच्या क्लिपा बाजारात मिळतात. वायरीवर नुसती एक क्लिप अडकवून मीडियम वेव्हवर जवळजवळ काही होत नाही. परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो: तीन वेढे म्हणजे नऊपट. फेराइटची गोल कडी घ्या आणि तिच्यातून वायरीचे आठ-दहा वेढे मारा, यंत्राच्या अगदी जवळ.

आता अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडभोवती फट पडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मार्च ते जून खड्ड्यात पाणी घालत राहा. मीठ विरघळून गेलं असेल तर मीठ-कोळसा पुन्हा भरा. न्यूट्रललाच अर्थिंग समजून जोडणं हा जीवघेणा प्रकार आहे. लोड वाढला की तडतड वाढत असेल तर मेन पाडून वायरमनकडून बोर्डातले स्क्रू आवळून घ्या. अॅल्युमिनियम-तांब्याचे पिळून टेप मारलेले जोड तपासा. दिवे मधूनच भगभगीत होत असतील तर तो खरखरीचा विषयच नाही. न्यूट्रल सुटत आहे. मेन पाडा आणि लाइनमनला बोलवा.

मेन पाडूनही घरघर राहिली आणि खांबाकडे जाताना वाढली, तर इन्सुलेटर किंवा जोड ठिणगतोय. खांबाला हात लावू नका, तो ठोकू नका; खांबाचा नंबर टिपून महावितरणला कळवा. फक्त ऊन असताना येणारी घरघर वावरातल्या सौर पंपाच्या कंट्रोलरची असू शकते. पॅनेलच्या प्लस-मायनस वायरी दूर-दूर नेल्या असतील तर त्या अँटेनाच बनतात. एकत्र पिळून न्या.

आणि दर सेकंदाला साधारण एक ‘टक्’ येत असेल, तर ते रोही-रानडुकरांना अडवायला कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं झटका मशीन. धड कुंपणाचा आवाज कमी असतो. धुऱ्यावरचं गवत तारेला टेकलं किंवा इन्सुलेटर तडकला की ठिणगी पडते आणि टकटक गावभर जाते. अंधारात तारेच्या कडेने, हात न लावता चाला. ठिणगी दिसते, ऐकूही येते. मशीन बंद करून तिथलं गवत कापा. मशीनचं अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून किमान दहा मीटर लांब, वेगळं ठोका. मशीनऐवजी तारेत थेट घरची लाइन सोडणं गुन्हा आहे आणि त्याने माणसं मरतात.