लस कामाला लागेपर्यंत

कुत्रा चावला की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद-चुना नाही. मग दंडात रेबीजची लस. पण रक्त आलं असेल, तर डॉक्टर आणखी एक सुई हातात घेतात आणि थेट जखमेत, तिच्या कडेकडेनं टोचतात. चांगलीच दुखते. ती कशाला?

कारण लस टोचल्याक्षणी संरक्षण मिळत नाही. आपल्या अंगात अब्जावधी बी पेशी, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. प्रत्येकीची ओळख वेगळी. रेबीजच्या विषाणूवरचं प्रथिन ओळखणाऱ्या त्यांत मोजक्याच. त्या जाग्या होणार, टी पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या मदतीनं वाढणार, मग त्यांच्यातल्या काही प्लाझ्मा पेशी होऊन रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं, सोडणार. यात सात ते चौदा दिवस जातात. तेवढ्यात विषाणू चेतातंतूत शिरला, तर पुढे फारसं काही हातात उरत नाही.

म्हणून जखमेत तयार प्रतिपिंडं भरतात. ती वर्षानुवर्षं घोड्यांच्या रक्तातून काढली जात आली आहेत. माणसांच्या रक्तातूनही काढतात, पण ती महाग आणि कायम अपुरी.

१९७५. इंग्लंडमधलं केंब्रिज. जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन या शास्त्रज्ञांपुढे अडचण होती ती प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशीच्या आयुष्याची: प्रयोगशाळेत ती काही दिवसांत मरते. मायलोमा या कर्करोगाची पेशी मात्र वाढतच राहते. त्यांनी उंदराच्या या दोन पेशींचा संकर केला. तयार झालेली पेशी वाढतही होती आणि एकाच जातीचं प्रतिपिंडही बनवत होती. हेच मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेलं, प्रतिपिंड. १९८४ साली दोघांना नोबेल मिळालं. या तंत्राचं पेटंट त्यांनी घेतलंच नव्हतं!

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्स या संस्थेबरोबर रेबीजवर असंच एक प्रतिपिंड आणलं. मानवी प्रतिपिंडांची जनुकं घातलेल्या उंदरांपासून ते मिळालं. उत्पादन होतं हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत, मोठ्या टाक्यांमधून. घोडा नाही, रक्तदाता नाही. २०१६ मध्ये त्याला भारतात परवाना मिळाला. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे घोड्याच्या प्रतिपिंडांचे ४० युनिट लागतात, माणसाच्या प्रतिपिंडांचे २०, याचे ३.३३.

एक प्रतिपिंड विषाणूवरची एकच जागा धरतं. ती जागाच बदललेला विषाणू आला तर? ही शंका रास्त आहे, म्हणूनच दोन वेगळी प्रतिपिंडं एकत्र केलेलं औषधही भारतात निघालं.

बाहेरून दिलेली प्रतिपिंडं काही आठवड्यांत ओसरतात. ती बनवणाऱ्या पेशी आपल्या अंगात नसतात. त्या तयार होतात लसीमुळे. म्हणून जखम भरून आली तरी लसीचे उरलेले डोस ठरल्या तारखांनाच घ्यायचे.