गवतावर भरलेले न्यायालय

[दृश्य : न्यामाताचे चर्च, आतून]

रवांडाची राजधानी किगालीच्या दक्षिणेला असलेल्या न्यामाता गावचे हे चर्च. बाकांवर रचून ठेवलेले कपडे एप्रिल १९९४ मध्ये येथे आसऱ्याला आलेल्या माणसांचे आहेत आणि पत्र्याच्या छतातून खाली उतरणारे उजेडाचे ठिपके ही गोळ्यांनी पडलेली भोके आहेत.

[येथे निवेदन काही क्षण थांबते.]

रवांडात त्या वर्षी ७ एप्रिलपासून जेमतेम शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसे मारली गेली. सरकारी मोजणी १० लाखांच्या पुढे जाते. मृतांत बहुसंख्य तुत्सी समाजाचे होते आणि मारणाऱ्यांत पुष्कळ जण त्यांचेच शेजारी. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर घातलेली हुतू, तुत्सी किंवा त्वा ही समाजाची नोंद नाक्यानाक्यावर पाहिली जात होती. आजच्या ओळखपत्रावर तो रकाना नाही.

[दृश्य : टेकडीचा उतार, गवत, एक लाकडी बाक]

या रिकाम्या उताराकडे नीट पाहावे, कारण अशाच जागी हा देश न्यायाला बसला. हत्याकांडानंतर तुरुंगांत सव्वा लाखाच्या आसपास आरोपी कोंबलेले होते, न्यायाधीश बहुतेक मारले गेले होते किंवा पळून गेले होते आणि नेहमीच्या न्यायालयांच्या गतीने हे खटले शंभर वर्षांतही संपले नसते. तेव्हा गावातले तंटे मिटवण्याची जुनी पद्धत नव्या कायद्यात बसवण्यात आली. तिचे नाव गचाचा. हा शब्द गवतावरूनच आला आहे. गावकऱ्यांनी आपल्यातूनच पंच निवडले. त्यांना इन्यांगामुगायो, म्हणजे अप्रतिष्ठेचा तिटकारा असणारे, असे म्हणत. खांद्यावरून राष्ट्रध्वजाच्या रंगांचा पट्टा घेऊन ते बिनपगारी बसत. आठवड्यातून एकदा सारा गाव जमे. आरोपी सर्वांसमोर उभा राही आणि पूर्ण कबुली दिली तर त्याची शिक्षा कमी होई. मात्र आपण काय केले, सोबत कोण होते आणि प्रेते कोठे टाकली, हे सारे सांगितल्याशिवाय ती कबुली पूर्ण धरली जात नसे. कित्येक कुटुंबांना आपल्या माणसांची हाडे यातूनच सापडली, आणि आमच्या मते या पद्धतीची खरी कमाई हीच आहे.

टांझानियातील अरुशा येथे संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने दोन दशकांत ९३ जणांवर आरोप ठेवले. त्यांत हत्याकांडाचे प्रमुख सूत्रधार होते, हे खरे. पण गावात कोणी कोणाला मारले याचा निवाडा तेथे होणे शक्यच नव्हते. गचाचाच्या सुमारे १२ हजार न्यायालयांनी २०१२ मध्ये काम थांबेपर्यंत १९ लाखांहून अधिक प्रकरणे हाताळली.

पण गचाचात आरोपीला वकील नव्हता, साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींचे खूनही झाले, आणि हत्याकांडानंतर सत्तेवर आलेल्या पक्षाच्या सैनिकांनी केलेल्या हत्या या गवतापर्यंत पोहोचल्याच नाहीत.

[दृश्य : महिन्याचा शेवटचा शनिवार, कुदळी घेतलेली माणसे]

हे उमुगांडा, सक्तीचे श्रमदान. १९९४ साली मारेकरी आपापसात खुनाला ‘काम’ म्हणत. आज ‘काम’ म्हणून लोक रस्त्याकडेचा चर खणत आहेत. अकराच्या सुमारास कुदळी खाली ठेवल्या जातील आणि येथेच गावाची सभा भरेल.