डॅशबोर्डवरची पिवळी डबी : पुण्याच्या रस्त्यांवर रडार डिटेक्टर कितपत कामाचा?

[दृश्य : उर्से टोलनाका, मुंबईकडे निघालेल्या गाड्या]

उर्से टोलनाका मागे पडला की मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा सहापदरी रस्ता मोकळा होतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय जड होतो. इथे सपाटीला मोटारींसाठी मर्यादा ताशी १०० किलोमीटर, बोरघाटात बरीच कमी. दंड चुकवायला काही जण डॅशबोर्डवर एक छोटी डबी बसवतात : रडार डिटेक्टर. पोलिसांची वेग मोजणारी स्पीड गन दूर असतानाच तो वाजेल, असा त्यांचा भरवसा.

हा भरवसा अगदीच खुळा नाही. रडार गन सूक्ष्मलहरी सोडते, त्या गाडीवर आपटून परततात. गाडी गनकडे येत असेल तर परतणाऱ्या लहरींची वारंवारता जरा वाढलेली असते. खडकी स्टेशनावरून न थांबता जाणाऱ्या एक्स्प्रेसचा भोंगा जवळ येताना चढा आणि पुढे गेल्यावर उतरलेला ऐकू येतो, तसंच हे. ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ मध्ये हे तत्त्व मांडलं. २४.१५ गिगाहर्ट्झच्या गनसमोर गाडी ताशी १०० ने आली, तर फरक पडतो जेमतेम ४,४७० हर्ट्झचा. २४ अब्जांत साडेचार हजार! तेवढ्यावरून गन वेग सांगते.

डिटेक्टर वेग मोजत नाही. तो एक रेडिओच आहे, १०.५, २४ आणि ३३ ते ३६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत कान लावून बसलेला. गनला गाडीपर्यंत जाऊन परत आलेली क्षीण लहर पकडावी लागते, डिटेक्टरला मात्र जाणारी लहरच मिळते. म्हणून गनला गाडीचा वेग कळण्याआधीच तो वाजू शकतो. अडचण अशी, की मॉलचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि काही गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सरही २४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतात. शहरात डबी उगाच वाजत राहते आणि चालवणारा तिच्याकडे लक्ष देणं सोडून देतो.

[दृश्य : रस्त्याकडेला महामार्ग पोलिसांची इंटरसेप्टर गाडी]

आता आपल्याकडचं चित्र पाहा. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांमध्ये असते ती लेझर गन. तिचा झोत अवरक्त प्रकाशाचा, ३०० मीटरवरही साधारण एक मीटर रुंदीचा. एकाच गाडीवर नेम धरला की अर्ध्या सेकंदाच्या आत वेग नोंदला जातो. महागड्या डिटेक्टरला लेझर कळतो, पण कळतो तेव्हा आकडा पोलिसांच्या पडद्यावर आलेला असतो.

त्याहून पक्का बंदोबस्त एक्स्प्रेसवेवरच्या कमानींवर आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या यंत्रणेत सरासरी वेगही मोजला जातो. एका कमानीखाली कॅमेरा नंबरप्लेट आणि वेळ टिपतो, पुढच्या कमानीखाली पुन्हा. समजा दोन कमानींत १० किलोमीटर अंतर आहे. १०० च्या वेगाने ६ मिनिटं लागायला हवीत. तुम्ही ५ मिनिटांत पोहोचलात, म्हणजे सरासरी १२० झाली आणि ई-चलान निघालं. नंबरप्लेटचा फोटो काढायला रडार लागत नाही, मग डिटेक्टरने ऐकायचं काय?

मला खरी काळजी वाटते ती डबी वाजल्यावर दाबल्या जाणाऱ्या ब्रेकची. ताशी १०० चा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. मागच्या ट्रकवाल्याला पुढची गाडी अचानक का मंदावली हे कळेपर्यंत अंतर संपलेलं असतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तर अशी चूक करूच नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका जड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली होती.

कायद्याचं काय? देशागणिक उत्तर बदलतं. अमेरिकेत खासगी मोटारीत बहुतेक ठिकाणी डिटेक्टर चालतो, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीत नाही. जर्मनीत चालवताना वापरायला मनाई, फ्रान्समध्ये बंदी, ब्रिटनमध्ये मुभा. भारतात बिनतारी उपकरणांवर १९३३ च्या कायद्यापासून केंद्र सरकारचं नियंत्रण आहे, त्यामुळे परदेशातून मागवलेली अशी डबी कस्टममध्ये अडकू शकते. विक्रेता ‘सगळं कायदेशीर आहे’ म्हणाला तर त्याच्याकडे मंजुरीचा कागद मागा. जॅमर म्हणजे लहरी बिघडवणारं यंत्र. सामान्य माणसाने त्याच्या वाटेला जाऊच नये. आणि डिटेक्टर असो वा नसो, वेगाचा दंड टळत नाही : मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये.

[दृश्य : वेताळ टेकडीवरून दिसणारं एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचं आवार]

गाडीत वेगाची आठवण देणारं काही हवं असेल, तर ते बहुधा आधीच आहे. जुलै २०१९ पासून बनलेल्या मोटारींत ताशी ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सलग बीप वाजतो. ज्या मानकांनुसार तो बसवला जातो, ती इथूनच, पुण्याच्या एआरएआयमधून प्रसिद्ध होतात. अनेकांना तो आवाज कटकटीचा वाटतो, काही जण मेकॅनिककडे जाऊन तो बंदही करून घेतात. तसं करू नका. सपाटीला क्रूझ कंट्रोल ९५ वर लावा आणि खंडाळ्याचा उतार लागण्याआधी काढा.